येसर भाजणारी रंगुकाकी

माळेवाडीत लग्नाची तिथी निघाली की ती आधी रंगुकाकीच्या कानावर घालायची, असा रिवाज होता. तिला ती सोयीची नसेल तर चक्क दुसरी काढून घेत. भटजी शेवगावाहून आणता येई, वाजंत्री पाथर्डीकडून येत, पण येसर भाजणारं माणूस आसपासच्या पाच-सात गावांत ते एकच होतं.

येसर म्हणजे काय हे आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. मलाही सांगावं लागलं होतं, कारण माझं माहेर बेलापूर. पाटाच्या पाण्याचा तो मुलूख, ऊस आणि गहू. बाजरी आमच्याकडे म्हशीला उकडून घालायची. बाहत्तर सालच्या माघात लग्न होऊन मी माळेवाडीत आले आणि एके दिवशी आमच्या भिंतीपलीकडून असा वास आला की मी हातातलं पीठ तसंच ठेवून अंगणात जाऊन उभी राहिले. सासूबाई, म्हणजे छबूबाई, हसल्या. म्हणाल्या, "चांगुणा, रंगुकाकीनं कढई ठिवली. आता दोन दिस गावात कुनाला कालवनाची चव लागायची न्हाई."

बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, सुकं खोबरं, लाल मिरच्या आणि चार-सहा खडे मसाले. हे सगळं वेगवेगळं भाजायचं, मग एकत्र करून जात्यावर दळायचं. ते पीठ म्हणजे येसर. लग्नाच्या दिवशी मोठ्या कढईत तेल, लसूण, येसर आणि आधणाचं पाणी, की झाली आमटी. भाकरी गावातून गोळा व्हायच्या, घरटी पाच. पत्रावळीवर भाकरी कुस्करायची, तिचं गोल आळं करायचं, मध्ये आमटी ओतून घ्यायची आणि आळं फुटायच्या आत खायचं. दोनशे माणसं असोत की हजार, येसर वाढवलं, पाणी वाढवलं, की भागलं. पाटलाच्या लग्नात हेच जेवण आणि सालगड्याच्या लग्नातही हेच.

रंगुकाकी माझ्या नवऱ्याची चुलत चुलती. पन्नाशीला आलेली, उंच, हाडापेरानं मजबूत, नाक सरळ आणि लांब. त्या नाकावरून तिची थट्टा चाले. तिचे मालक पुंजाराम मामंजी म्हणायचे, "आमच्या घरात कुत्रं पाळायची गरज न्हाई. कोन आलं त्ये हिला वासानं कळतं." काकीला त्याचा राग यायचा नाही. उलट ती खरंच सांगायची, की सहादेव तंबाखू चघळत आलाय, बनुबाईनं आज ताक घुसळलंय.

एकदा ती भाजायला बसली असताना मी जवळ जाऊन बसले. बाजरी कढईत फिरत होती. मी विचारलं, "काकी, कधी उतरायची?"

"वास आला की."

"कसला वास?"

"यायला पायजे तसला."

मला वाटलं, ती सांगत नाहीये. पण तसं नव्हतं. तिला स्वतःलाच शब्दांत ते ठाऊक नव्हतं. आईच्या मांडीवर बसून तिनं तो वास नाकात घेतला होता, तो तसाच तिच्याकडे राहिला. रतन, तिची एकुलती लेक, तिच्या हाताखाली डाळ निवडायची, मिरच्यांची देठं काढायची. पण कढईवर काकी कुणालाच बसू देत नसे.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आधीच्या सालीही जेमतेम झाला होता. दिवाळीपर्यंत माळावर गवताची काडी उरली नाही. गुरं छावणीत गेली आणि आम्ही सगळे पाझर तलावाच्या कामावर. माती खणायची, पाट्या वाहायच्या, दगड फोडायचे. रेशनला मिलो आली, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापली की कडेनं चिरायची, आणि गार झाली की दातांना जड जायची. दुपारच्या सुटीत बायका ती भाकरी पाण्यात बुडवून खात.

रंगुकाकीनं तीन दिवस तशी भाकरी खाल्ली. चौथ्या दिवशी ती कामावर एक गाठोडं घेऊन आली. त्यात मिलोचंच येसर होतं. बाजरी नव्हती, गहू नव्हता, खोबऱ्याचा एकच तुकडा घातला होता. मिरच्या मात्र घरच्या होत्या. मुकादम बन्सी नावाचा होता, ढोरजळगावकडचा. त्याच्याकडून तिनं डांबराचं रिकामं पिंप मागितलं. तो म्हणाला, "त्यात शिजवलेलं खाऊन मानसं मेली तर मी काय सांगू?" मग त्यानंच कुठून तरी घमेल्याहून मोठी कढई आणून दिली.

बायका कुजबुजल्या. लग्न नसताना येसर करू नये असा समज होता. बनुबाई तर तोंडावर म्हणाली, "कुनाचं लगीन लावतीस गं, धरणाचं?"

"तुझ्या भाकरीचं," काकी म्हणाली. "बिचारी कवाची कोरडी बसलीय."

त्या दुपारी तलावाच्या भिंतीवर दोनशे माणसांनी मिलोच्या भाकरीची आळी केली. मी नंतर पुष्कळ लग्नं जेवले, पण इतकी माणसं एकदम गप्प झालेली पाहिली नाहीत. फक्त भुरके ऐकू येत होते. बन्सी मुकादमानं तीनदा आमटी घेतली आणि सुटी अर्ध्या तासानं वाढवली. पुढं दर आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी ही आमटी व्हायची. ज्याच्या घरी जे असेल ते तो आणायचा, मूठभर जिरे, लसणाचा गड्डा, तेलाची वाटी. दुष्काळ म्हटलं की लोकांना काय काय आठवतं. मला तो भुरक्यांचा आवाज आठवतो.

चैत्रात कामावर तापाची साथ आली. रंगुकाकी वीस दिवस अंथरुणावर होती. ताप उतरला, ती पुन्हा कामाला लागली, थोडी वाळली होती एवढंच. त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. दसऱ्याला कणसं खळ्यावर आली आणि दोन वर्षं खोळंबलेली लग्नं एकामागून एक ठरायला लागली. पहिलं लग्न सहादेवच्या लेकीचं, माघात. सगळ्यांच्या तोंडी एकच, की आता काकीची खरी आमटी, बाजरीच्या येसराची.

ती भाजायला बसली त्या दिवशी मी भिंतीअलीकडे शेण सारवत होते. बाजरीचा वास आला, खमंग. मग धन्यांचा आला. पण तो थांबला नाही. पुढं पुढं जात राहिला आणि करपटला. मी सारवण सोडून उभी राहिले. मला वाटलं, आता उतरवेल. ती चांगली घटकाभर परतत राहिली. सतरा-अठरा वर्षांची सून, रंगुकाकीला काय सांगणार? मनाची समजूत घातली की तिची काहीतरी पद्धत असेल.

लग्नात आमटी कडू झाली होती. माळेवाडीची माणसं भली. कुणी काही बोललं नाही. फक्त पत्रावळी उचलताना मी पाहिलं, आळी तशीच मोडून पडलेली होती. कानिफनाथ म्हातारा, जो नेहमी पाचदा आमटी मागे, तो एकदाच घेऊन उठला आणि हात धुताना म्हणाला, "औंदा मिरची कडू निघाली वाटतं." काकी तिथंच उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कढईकडे गेली.

पंधरा दिवसांनी दुसरं लग्न होतं. त्या घरानं शेवगावाहून आचारी आणला. त्यानं पुडीतला मसाला वापरला, पुऱ्या तळल्या, बुंदी पाडली. माझ्या वयाच्या पोरींना मजा वाटली, खोटं कशाला बोलू. रंगुकाकी जेवून आली आणि म्हणाली, "बरं झालं. माझी पाठ दुखतच हुती."

चार दिवसांनी मी तिच्याकडे विरजण मागायला गेले. ती दाराकडे तोंड करून तांदूळ निवडत बसली होती, मागे चुलीवर दूध होतं. ते उतू जाऊन निखाऱ्यावर पडलं होतं, तळाला लागलं होतं, घरभर करपल्याचा वास होता. काकी शांतपणे खडे वेचत होती.

"काकी, दूध करपलं."

तिनं वळून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी कळलं आणि मला कळल्याचं तिलाही कळलं. ती उठली, पातेलं उतरवलं, चुलीत पाणी मारलं आणि परत बसली.

"तापात गेला," ती म्हणाली. "पहिल्यांदा वाटलं, सर्दी हाय. मग वाटलं, यील. वरीस हुत आलं. कांदा न्हाई, शेन न्हाई, राकेल न्हाई, काय म्हनता काय येत न्हाई. मीठ कळतं, तिखट कळतं, बास."

"मामंजींना माहीत आहे?"

"कुनालाच न्हाई. वाजंत्र्याला ऐकू येत न्हाई म्हनल्यावर त्याला कोन सुपारी दील?" ती थोडं हसली, पण डोळे पुसले. "लोकांचं ऱ्हाऊ दे. वैशाखात रतनचं लगीन हाय."

रतनचं लग्न दुष्काळाच्या आधी ठरलेलं, देवळाली प्रवऱ्याला. मुलाचे वडील आप्पासाहेब, उसाची शेती, माणूस मोकळा. दोन वर्षं ते थांबले होते आणि एकदाही घाई केली नव्हती. काकीनं सगळ्या गावाच्या लेकींचं येसर केलं होतं आणि आता स्वतःच्या लेकीचं आचाऱ्याच्या हाती जाणार होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही भाजा. वास मी घेते."

तिनं तांदळाचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "दार लाव."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही मूठ-मूठ भाजायला लागलो. दुपारी कामं आटोपली की मी विरजणाचं भांडं घेऊन जायची, म्हणजे सासूबाईंना वाटे ताक करायला चालली. काकी कढईवर, मी तिच्या शेजारी नाक पुढं करून. ती विचारायची, "कसा येतोय?" मी म्हणायची, "चांगला." ती चिडायची. "चांगला म्हंजी काय? चांगला तर गुलाबाचाबी येतो."

माझं नाक बेलापूरचं. त्याला बाजरीची भाषा येत नव्हती. हळूहळू मी सांगायला शिकले. बाजरी आधी भिजलेल्या पोत्यासारखी येते, मग उन्हात तापलेल्या कडब्यासारखी, मग नवं मडकं पहिल्यांदा चुलीवर ठेवल्यासारखी. धने आधी गवतासारखे, मग लिंबाच्या सालीसारखे. मी असं म्हटलं की काकी डोळे मिटायची, आठवायची आणि म्हणायची, "व्हय. लिंबाच्या सालीला पोचले की उतरायचे. त्याम्होरं गेले की गेले." चाळीस वर्षं जे तिच्या नाकात होतं ते ती पहिल्यांदाच तोंडानं बोलत होती. आणि बोलताना तिला स्वतःलाच नवल वाटायचं.

तरी जमत नव्हतं. मूठभर नीट व्हायचं, पण लग्नाला दोन मण भाजायचं होतं, आठ-दहा कढया. मिरच्या भाजायला लागल्या की माझं नाक दिवसभर बंद व्हायचं. चौथ्या कढईला मला कडबा आणि मडकं सारखंच येऊ लागायचं. एक दिवस काकीनं उलथणं खाली ठेवलं.

"तुझ्या सासूला बोलीव," ती म्हणाली.

सासूबाई आल्या. काकीनं त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. मला वाटलं होतं, सासूबाई हळहळतील. त्या म्हणाल्या, "मग त्यात काय? घरची बाजरी मी तर डोळं मिटून भाजते. मला ऐकू येतं." आणि त्यांनी बाजरी कढईत टाकून दाखवली. आधी दाणे गप्प असतात. मग तडतड सुरू होते, दाट, ताशासारखी. मग ती विरळ होते, एखादाच दाणा फुटतो. "हितं," सासूबाई म्हणाल्या, "हितं उतरायची."

मी वाकून वास घेतला. नव्या मडक्याचा.

रंगुकाकी म्हणाली, "छबू, तू हे मला कवा सांगितलं न्हाईस."

"तू इचारलं व्हतंस कवा?"

दोघी जावा इतकं हसल्या की मी दार उघडून बाहेर पाहिलं, कुणी येतंय का.

आता प्रश्न बनुबाईचा होता. धने आणि खडे मसाले तिच्याइतके कुणी भाजत नसे, हे काकीलाही मान्य होतं, फक्त तिनं ते कधी उच्चारलं नव्हतं. दोघींचं बोलणं असायचं, पण येसराच्या बाबतीत वैर. कारण हुलगा, म्हणजे कुळीथ. बनुबाईचं माहेर पार डोंगराकडचं, तिकडे येसरात हुलगा घालतात. काकीच्या मते हुलगा बैलानं खावा, फार तर माडग्यात घालावा. वीस वर्षांपूर्वी बनुबाईनं एका लग्नात मूठभर हुलगा घालायचं सुचवलं होतं आणि काकीनं चारचौघींत "आमच्या गावात मानसं जेवतात" असं म्हटलं होतं. ते बनुबाई विसरली नव्हती.

काकी तिच्या दारात गेली तेव्हा मी बरोबर होते. बनुबाई गोधडी शिवत होती. तिनं सगळं ऐकलं, टाका पुरा केला, दोरा तोडला.

"धनं मी भाजते," ती म्हणाली. "पर हुलगा घालायचा."

"मूठभर," काकी म्हणाली.

"पायलीभर."

"रतनच्या लग्नात पायलीभर हुलगा? देवळालीची मानसं काय म्हनतील?"

"त्यान्ला काय कळतंय, ऊस खाऊन त्यांच्या जिभा गोड झाल्यात." मग माझ्याकडे बघून, "तुझं माहेर तिकडचं, राग मानू नको."

शेवटी अर्ध्या पायलीवर मिटलं. परत येताना काकी वाटभर पुटपुटत होती, पण पावलं हलकी पडत होती.

याच सुमारास आप्पासाहेबांचा निरोप आला. त्यांनी फार प्रेमानं कळवलं होतं की दुष्काळातून गाव आत्ताच उठलंय, तुम्ही जेवणाचा भार घेऊ नका, आम्ही राहुरीचा आचारी आणि बुंदीचं सामान घेऊन येतो. पुंजाराम मामंजींना तोवर काकीनं सगळं सांगितलं होतं. ते ऐकून त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "म्हंजी वरीसभर मी कुटं जाऊन आलो त्ये तुला कळत नव्हतं?" आता ते निरोप आणणाऱ्याला म्हणाले, "आप्पासाहेबांना सांगा, बुंदी जरूर आना. आमची पोरं लई खूश हुतील. पर आमटी-भाकर माळेवाडीची. त्याशिवाय लेक उठत न्हाई."

भाजण्याचा दिवस उजाडला. सकाळीच काकीच्या अंगणात तीन चुली मांडल्या. मी बायका मोजल्या, काकी सोडून आम्ही अकराजणी होतो. काकीनं स्वतः घरोघर जाऊन बोलावलं होतं आणि प्रत्येकीला कारणही सांगितलं होतं. लपवायचं तिनं सोडूनच दिलं. कुणी च्च् च्च् केलं तर म्हणे, "नाक गेलं, हात हायत की."

सासूबाई बाजरीच्या कढईशी कान देऊन बसल्या आणि बाकीच्यांना बोलू देईनात. बनुबाई धने परतत होती आणि मधूनच एक दाणा चिमटीत चुरडून पाहत होती. तो कुरकुरीत फुटला तर ठीक, चिवट लागला तर अजून. खोबरं कुठवर भाजायचं हे काकीनं रंगावर ठरवलं. म्हणाली, "बैलाच्या शिंगाच्या बुडाचा रंग. टोकाचा न्हाई." मिरच्या मला दिल्या. मी खोकून खोकून रडले आणि सगळ्या माझ्यावर हसल्या. काकी मात्र मिरच्यांच्या धुराशी मजेत बसली होती. ठसका तिलाही लागे, पण मिरचीचा खाट नाकाला कळतच नव्हता. "ह्यो एक फायदा झाला," ती म्हणाली.

ती दिवसभर तीन चुलींमध्ये फिरली. कान, चिमूट, डोळा, मनगटाच्या आतल्या अंगाला दाणा टेकवून पाहणं, सगळं करत होती. आणि दर थोड्या वेळानं कुणाला तरी विचारायची, "कसा येतोय?" आता अकरा तोंडांतून अकरा उत्तरं यायची. एकीला गव्हाचा वास खळ्यासारखा वाटे, दुसरीला तान्ह्या लेकराच्या टाळूसारखा. त्यावर वाद घालता घालता ऊन उतरलं. नवऱ्या मुलीनं त्या कामाला हात लावायचा नसतो, पण रतन उंबऱ्यात बसून राहिली आणि काकीनं तिला म्हटलं, "बघून ठिव. मी तुला नीट शिकवलं न्हाई. चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी जात्याला हळद-कुंकू लावून दळण सुरू झालं. गावात तेव्हा पिठाची गिरणी आली होती, पण गिरणीत पीठ तापतं म्हणून येसर जात्यावरच दळायचं. सहाजणी दोन-दोन करून बसल्या. बनुबाईचा गळा चांगला. तिनं तिथल्या तिथं ओवी जुळवली,

"येसर दळीते, बाई जाड न्हाई बारीक,
रतनच्या लग्नाची गं, गावभर झाली तारीख."

काकीनं खुंटा धरल्या धरल्या उत्तर दिलं,

"येसर दळीते, त्यात हुलगा कुनाचा,
बनुबाई सखीचा माझ्या, हट्ट जुना मनाचा."

जातं थांबलं. बनुबाई पदर तोंडाला लावून हसत होती की रडत, ते मला आजही सांगता येणार नाही.

लग्न वैशाख वद्य पंचमीला लागलं. देवळालीहून दोन ट्रक भरून वऱ्हाड आलं. गावातून भाकरी यायला लागल्या, टोपल्यांत, परातींत, फडक्यात बांधून. आमच्या घरून मी पाच नेल्या आणि सासूबाईंनी चोरून आणखी सात. कढया उकळल्या तेव्हा वास मांडवाबाहेर गेला, आणि मांडवात बसलेल्या म्हाताऱ्यांच्या गप्पा एकेक करून थांबल्या. कानिफनाथ म्हाताऱ्यानं मान वर केली.

रंगुकाकी कढईजवळ उभी होती. तिला तो वास येत नव्हता. पण ती माणसांकडे पाहत होती, आणि जसजशी एकेक मान वर होत गेली तसतसा तिचा चेहरा बदलत गेला. तिनं मला काही विचारलं नाही. माझा हात मात्र घट्ट धरला होता.

वऱ्हाडातल्या तरुणांना आळं करता येईना. भाकरी कुस्करून ते सरळ वर आमटी ओतून घेत आणि ती पत्रावळीवरून धोतरापर्यंत पळे. आमची माणसं त्यांच्यापुढं बसून शिकवत होती. आप्पासाहेबांचे वडील, मच्छिंद्रबाबा, ऐंशीचे असतील, त्यांना मात्र शिकवावं लागलं नाही. त्यांनी सुरेख आळं केलं, आमटी घेतली, पहिला घास खाल्ला आणि विचारलं, "ह्यात हुलगा हाय काय?"

काकीचा चेहरा पडला. बनुबाई पुढं झाली.

"हाय बाबा. लागतोय?"

"माझी आई घालायची," म्हातारा म्हणाला. "आमी मूळचे डोंगराकडचे. पाट आला तवा वडील तिकडं गेले. साठ वर्सांत कुठं लागला नव्हता. वाढा अजून."

बनुबाईनं वाढलं. मग काकीनं वाढलं. मग पुन्हा बनुबाईनं. दोघी त्या म्हाताऱ्याच्या पुढ्यातून हलेनात, शेवटी आप्पासाहेबच म्हणाले की बाबांना आता पुरे करा, परतीचा प्रवास आहे. कानिफनाथ म्हाताऱ्यानं पाचदा घेतली. मी मोजत होते. बुंदीही छान झाली होती, पोरांनी खिसे भरले.

त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांत माळेवाडीत चमत्कारिक गोष्ट झाली. आधी येसर एकाच हाताचं असे, आता अकरा हातांचं झालं. वरच्या आळीचं थोडं जहाल, आमच्या आळीत खोबरं जास्त, बनुबाईच्या बाजूला हुलगा. लग्न जेवून आलेली माणसं पारावर बसून कुणाचं सरस यावर भांडत. शेवगावचा आचारी अधूनमधून येई, पुऱ्या-बुंदी करी, पण आमटीची कढई लागली की तो बाजूला उभा राहून पाही आणि एकदा तर पुडीभर येसर मागून घेऊन गेला. रतननं देवळालीला जातं नेलं. तिची सासू गव्हाचं माणूस, पण मच्छिंद्रबाबांसाठी महिन्यातून एकदा घरात आमटी होऊ लागली.

काकीचं नाक काही परत आलं नाही. शेवगावच्या डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, आणि म्हणाले, असं होतं कधी कधी. तिनं ते मनाला लावून घेतलं नाही. लग्न कुणाचंही असो, भाजायच्या दिवशी तिला बोलावणं असेच. ती तीन चुलींच्या मध्ये बसायची, बायकांना विचारत राहायची, चूक काढायची, आणि कान देऊन अजूनही सगळ्यांच्या आधी सांगायची की बाजरी झाली.

पंच्याहत्तरला माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मी बेलापूरला पत्र पाठवलं की यंदा आमटी आपल्याकडे करायची. आईनं उलट कळवलं, इथं कोण भाजणार? मी रंगुकाकीला विचारलं. ती म्हणाली, तिकडं बाजरी मिळंल का? म्हटलं, म्हशीला घालतात ती आहे. ती म्हणाली, तीच निवडून घेऊ.

आम्ही यष्टीनं गेलो, काकी, बनुबाई, सासूबाई आणि मी. बनुबाईच्या मांडीवर हुलग्याची पिशवी होती. बेलापूरच्या आमच्या अंगणात माझ्या चुलत्या, मावश्या, शेजारच्या बायका जमल्या होत्या, नव्या पातळांना धूर लागेल म्हणून लांब उभ्या. काकीनं बाजरीची पहिली मूठ कढईत टाकली. दाणे गप्प होते. मग एक फुटला.

"या की जवळ," ती त्यांना म्हणाली. "लांबून काय बी ऐकू यायचं न्हाई."

आधी माझी आई पुढं आली. मग मोठी चुलती पदर खोचून चुलीशी बसली, आणि बघता बघता कढईभोवती जागा उरली नाही.